आधी कान, मग कांडी

स्लाइड गिटार शिकणाऱ्यांचं सर्वांत जास्त नुकसान त्यांचे डोळे करतात, असं माझं ठाम मत झालं आहे. साध्या गिटारवर बोट पडद्याच्या अलीकडे कुठेही दाबलं तरी सूर ठरलेलाच निघतो. आपली चूक पडदा सांभाळून घेतो. स्लाइडमध्ये पोलादी कांडी तारेवर नुसती टेकलेली असते, तार पडद्याला लागतच नाही. त्यामुळे सूर नेमका कुठे आहे हे ठरवण्याची सगळी जबाबदारी वाजवणाऱ्यावर येते. तरीही शिकणारा पडद्यांच्या रेघा बघून कांडी सरकवत राहतो आणि हाताला तेच वळण लागतं. मग अभंग घ्या की सिनेमातलं गाणं, सूर कणभर चढलेला किंवा उतरलेला राहतो. ते झाकण्यासाठी कांडी सतत थरथरवण्याची सवय जडते, आणि ही सवय पुढे मोडता मोडत नाही.

पडद्यावर विसंबून का चालत नाही, याचा हिशेब कुणालाही करून बघता येईल. गिटारची तार साधारण 650 मिलिमीटर लांब असते. मोकळी तार सा धरली, तर शुद्ध गंधारासाठी तारेच्या पाच भागांपैकी चार भाग वाजायला हवेत, म्हणजे 520 मिलिमीटर. गिटारचा चौथा पडदा मात्र घोडीपासून सुमारे 516 मिलिमीटरवर बसवलेला असतो, कारण ते पडदे सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून लावलेले असतात. फरक चार मिलिमीटरचा, ज्वारीच्या एका दाण्याएवढा. डोळ्याला तो जाणवत नाही. तानपुरा सुरू असला की कानाला लगेच खुपतो. पंचमाला हा फरक जवळपास नसतो, म्हणून नवशिक्याला वाटतं की सगळंच बरोबर चाललंय. शिवाय पहिल्या पडद्यापर्यंतचं अंतर 36 मिलिमीटर, तर बाराव्याच्या पुढचं घर जेमतेम 18. वरच्या सप्तकात हात तेवढाच चुकला तरी सूर दुप्पट ढळतो.

यावर कुणी म्हणेल, आमच्या भजनात पेटी असते, तिचेही सूर असेच बसवलेले, मग पडदा धरला तर बिघडलं कुठे? आक्षेप रास्त आहे. पेटीबरोबर वाजवताना पेटीचाच गंधार धरायला हवा आणि तानपुऱ्याबरोबर तानपुऱ्याचा. पण समोर कोण आहे हे ओळखून जागा बदलणं कानालाच जमतं. उलट पेटीला मींड काढता येत नाही, हा तिच्यावरचा जुना आक्षेप. 1940 ते 1971 या काळात आकाशवाणीवर तिला बंदी होती, तेव्हाही हा मुद्दा होताच. स्लाइडचं सारं बळ त्या मींडेतच आहे. म्हणूनच हे परकं वाद्य आपल्याला कशाला, हा दुसरा आक्षेपही मला पटत नाही. हे तंत्र गिटारवर आलं हवाई बेटांतून, पण पडद्यांशिवाय तारेवरून गोटा सरकवत वाजवायची विचित्र वीणा आपल्याकडे होतीच. अली अकबर खाँ यांचे शिष्य ब्रिजभूषण काबरा यांनी 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्या जोडीने याच गिटारवर राग वाजवले. पुढे विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा जगभर पोचली.

म्हणून सुरुवात अशी करा. महागडं वाद्य नको. पोलादी तारांची साधी गिटार मांडीवर आडवी घ्या आणि तारा उंच करणारी पट्टी नटावर बसवा. तारा सा-प-सा अशा लावताना शक्यतो उतरवूनच लावा, चढवून ओढल्या तर घोडी उखडण्याची भीती असते. मोबाईलवर तानपुरा लावा, सूर आधी गळ्यातून काढा आणि मग डोळे मिटून कांडीने शोधा. सापडल्यावर डोळे उघडून पडदा कुठे आहे ते बघा. पडदा वाटेतल्या मैलाच्या दगडासारखा वापरावा. कांडी दाबू नका, तिचं वजन पुरेसं आहे. कांडीमागे डाव्या हाताची मोकळी बोटं तारांवर हलकेच टेकवा, नाहीतर मागची तारही वाजते आणि सूर गढूळ होतो. एकाच तारेवर वाजवणं कंटाळवाणं होईल अशी शंका येईल, पण हरिपाठाची चाल एका तारेत पूर्ण मावते.

गावात या वाद्याचा गुरू नसला तर काय, हा प्रश्न नेवाशासारख्या ठिकाणी हमखास निघेल. हातांची बैठक दुरुस्त करायला जाणकार लागतोच, त्यासाठी नगर किंवा संभाजीनगर गाठावं लागलं तरी अधूनमधून जावं. कान तयार करणारे गुरू मात्र घराजवळ आहेत. परंपरा सांगते की 1290 मध्ये इथल्या पैस खांबाला टेकून ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती ऐकून लिहून घेतली. प्रवरेकाठी आजही भजन ऐकायला मिळतं. नव्या शिकणाऱ्यांना माझी विनंती आहे: गिटार विकत घेण्याआधी महिनाभर त्या भजनात बसा, गाणाऱ्याचा सा ओळखायला शिका आणि त्याच्याबरोबर गा. कांडी त्यानंतर हातात घ्या.