झटपट श्रीमंतीचे गुरू : दावा आणि पडताळा

लातूरच्या बाजार समितीत सोयाबीन घेऊन आलेला शेतकरी परत निघतो तेव्हा त्याच्या हाती आडत दुकानाची पट्टी असते. वजन किती भरले, भाव काय लागला, हमाली व तोलाई किती वजा झाली आणि प्रत्यक्ष हाती काय आले, हे सारे त्या एका कागदावर लिहिलेले असते. आडत्याची मोटार किती भारी आहे हे पाहून कोणीही शेतकरी आपला हिशेब मान्य करीत नाही; तो पट्टी मागतो. मराठवाड्यातील व्यवहाराची ही जुनी आणि शहाणपणाची रीत होय.

परंतु अलीकडच्या काळात याच भागातील सुशिक्षित तरुण एका वेगळ्या बाजारात उतरू लागले असून तेथे मात्र पट्टी मागण्याची ही सवय विसरली जात आहे. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर रोज कोणी ना कोणी स्वयंघोषित यशोगुरू अवतरतो. मागे आलिशान मोटार, हाती महागडे घड्याळ, परदेशातील समुद्रकिनारा आणि तोंडी एकच आश्वासन : ‘मी शून्यातून कोट्यधीश झालो, माझी पद्धत शिका, तुम्हीही व्हाल.’ शेअर बाजारातील सौदे, घरबसल्या व्यापार, साखळी पद्धतीची विक्री असे विषय बदलतात. शुल्क भरून घेण्याची रीत मात्र सारखीच राहते. या दाव्यांत सत्याचा अंश किती आणि तो तपासावा कसा, याचा विचार करणे अगत्याचे झाले आहे.

लातूरच्या अनुभवाचा धडा

यशाचा दावा पडताळता येतो, हे लातूर-नांदेड परिसराला नव्याने सांगण्याची गरज नाही. १९७० साली स्थापन झालेल्या लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाच्या नावाशी ‘लातूर पॅटर्न’ ही संज्ञा जोडली गेली. या महाविद्यालयाचे संस्थापक प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे हे पुढे १९९४ मध्ये नांदेड येथे स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. लातूर पॅटर्नच्या गुणदोषांबद्दल शिक्षणतज्ज्ञांत मतभेद आहेत व ते असणे स्वाभाविक आहे. तथापि एक गोष्ट निर्विवाद आहे. त्या यशाचा पुरावा महाविद्यालयाच्या कपाटात नव्हता. तो राज्य मंडळाच्या गुणवत्ता यादीत होता. परीक्षा घेणारा वेगळा, उत्तरपत्रिका तपासणारा वेगळा आणि निकाल जाहीर करणाराही वेगळा होता. दावा करणाऱ्याच्या हाती पुरावा नसणे, हीच त्या दाव्याची खरी प्रतिष्ठा होती.

यशोगुरूंच्या बाबतीत नेमके याच्या उलट घडते. दावा त्यांचा, पुरावाही त्यांचाच आणि तो तपासणारेही तेच. नफ्याचा आकडा दाखविणारे पडद्याचे छायाचित्र बदलता येते. सरावासाठीच्या खात्यात खोट्या पैशांचे सौदे करता येतात. मोटार आणि बंगला भाड्यानेही मिळतो. यास्तव ऐश्वर्याचा देखावा हा उत्पन्नाचा पुरावा ठरत नाही. शिवाय ऐश्वर्य खरे असले तरी ते कोठून आले, हा प्रश्न उरतोच.

शुल्काचे साधे गणित

हा प्रश्न सोडविण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका शिबिराचे शुल्क २० हजार रुपये आहे आणि वर्षभरात एक हजार तरुणांनी ते भरले. शिक्षकाची एकूण आवक २ कोटी रुपये झाली. त्यासाठी त्याला बाजारात एक रुपयाही गुंतवावा लागला नाही आणि कोणताही धोका पत्करावा लागला नाही. त्यानंतर त्याने घेतलेली मोटार खरी असेल, बंगलाही खरा असेल. परंतु ते धन त्याने शिकविलेल्या विद्येचे फळ नसून विद्यार्थ्यांनी भरलेल्या शुल्काचे फळ आहे. तीच मोटार पुढील वर्षीच्या तुकडीला ‘विद्येचा पुरावा’ म्हणून दाखविली जाते. या व्यवसायातील अप्रामाणिकपणाचे मूळ येथे आहे. शुल्क घेणे हा दोष नव्हे; शुल्कातून आलेली श्रीमंती सौद्यांतून आल्याचे भासविणे, हा दोष होय.

हेच शुल्क भरणाऱ्याच्या बाजूनेही मोजावे. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरविण्यात आला. त्या दराने २० हजार रुपये म्हणजे सुमारे पावणेचार क्विंटल सोयाबीन. औसा, निलंगा किंवा मुखेड, कंधार भागातील कोरडवाहू कुटुंबाच्या दृष्टीने ही रक्कम किरकोळ नाही आणि शुल्क हा तर केवळ आरंभ असतो. खरा तोटा त्यानंतरच्या सौद्यांत होतो.

आकडेवारी काय सांगते?

भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ, म्हणजेच सेबी, या नियामक संस्थेने वायदे व विकल्प व्यवहारांची पाहणी केली आहे. तरुणांमध्ये हे व्यवहार ‘एफ अँड ओ’ या नावाने ओळखले जातात. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत असे सौदे करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी सुमारे ९३ टक्के व्यक्ती तोट्यात गेल्या. त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. खर्च वजा जाता एक लाख रुपयांहून अधिक नफा मिळविणारे केवळ १ टक्का होते. जुलै २०२५ मधील पुढील पाहणीत २०२४-२५ या वर्षी ९१ टक्के व्यक्तींना तोटा झाल्याचे आणि त्यांचा निव्वळ तोटा १,०५,६०३ कोटी रुपयांवर पोचल्याचे आढळले.

ग्रामीण भागाच्या दृष्टीने आणखी दोन आकडे महत्त्वाचे आहेत. २०२३-२४ मध्ये असे सौदे करणाऱ्यांपैकी ७२ टक्क्यांहून अधिक व्यक्ती देशातील पहिल्या तीस शहरांच्या बाहेरील होत्या आणि सुमारे तीन-चतुर्थांश व्यक्तींनी आपले वार्षिक उत्पन्न ५ लाख रुपयांपेक्षा कमी असल्याचे नोंदविले होते. म्हणजे हा केवळ मुंबई-पुण्याच्या धनिकांचा खेळ राहिलेला नाही. लहान शहरांतील आणि बेताच्या उत्पन्नाच्या घरांतील पैसा त्यात उतरत आहे.

याच आकड्यांवरून ‘यशस्वी विद्यार्थ्यां’च्या जाहिरातीचाही उलगडा होतो. वर्गातील शिक्षणाने काहीही फरक पडत नाही असे धरले, तरी हजार शिबिरार्थींपैकी सुमारे नव्वद जण एखाद्या वर्षी नफ्यात राहतील. त्यांतील पाच जणांना मंचावर आणून बोलते केले की सभागृह भारावून जाते. त्या पाचांपैकी कोणीही खोटे बोललेले नसते. परंतु उरलेल्या ९१० जणांना ध्वनिक्षेपक दिला जात नाही. ते घरी असतात आणि लाजेपोटी बहुधा गप्प असतात. निवडक सत्य सांगून संपूर्ण असत्य पटविण्याची ही रीत ओळखणे आवश्यक आहे.

सेबीचे दोन आदेश

नियामकाने काही प्रकरणांत प्रत्यक्ष खाती तपासली तेव्हा काय आढळले, हेही पाहणे उद्बोधक ठरेल. ‘बाप ऑफ चार्ट’ या नावाने शेअर बाजाराचे धडे देणाऱ्या व्यक्तीविरुद्ध सेबीने २५ ऑक्टोबर २०२३ रोजी अंतरिम आदेश दिला. स्वतःला बाजारतज्ज्ञ म्हणविणाऱ्या या व्यक्तीला जानेवारी २०२१ ते जुलै २०२३ या काळात स्वतःच्या सौद्यांत २.८९ कोटी रुपयांचा निव्वळ तोटा झाल्याचे त्यात नमूद होते. अभ्यासवर्गांच्या नावाखाली नोंदणीविना गुंतवणूक सल्ला देऊन जमविलेले सुमारे १७.२० कोटी रुपये स्वतंत्र खात्यात जमा करण्याचा आदेशही सेबीने दिला. शिकविणारा हरत होता आणि शिकविण्यातून मिळवीत होता, असे हे चित्र होते.

४ डिसेंबर २०२५ रोजी सेबीने अवधूत साठे ट्रेडिंग अकॅडमी या महाराष्ट्रातील संस्थेविरुद्धही अंतरिम आदेश काढून ५४६.१६ कोटी रुपये गोठविण्याचे निर्देश दिले. शिक्षणाच्या नावाखाली नोंदणीविना सल्ला देणे आणि निवडक सहभागींचे नफ्याचे सौदे जाहिरातीसाठी पुढे करणे, असे आक्षेप त्यात नोंदविण्यात आले. हे दोन्ही आदेश अंतरिम स्वरूपाचे होते. अंतरिम आदेशातील निष्कर्ष प्राथमिक असतात व अंतिम निर्णय संबंधितांचे म्हणणे ऐकून होतो, हे ध्यानी ठेवूनच ते वाचावेत.

कायद्याची चौकट

बाजारविषयक शिक्षण देण्यास कायद्याची आडकाठी नाही. परंतु मोबदला घेऊन कोणता शेअर घ्यावा वा विकावा हे सांगणाऱ्यास सेबीकडे सल्लागार अथवा संशोधन विश्लेषक म्हणून नोंदणी करावी लागते. नोंदणीकृत व्यक्तींची यादी सेबीच्या संकेतस्थळावर कोणासही पाहता येते. शिक्षण व सल्ला यांतील सीमारेषा स्पष्ट व्हावी म्हणून सेबीने २९ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकान्वये केवळ शिक्षण देणाऱ्यांना मागील तीन महिन्यांतील बाजारभाव वापरण्यास मनाई केली. अर्थात नोंदणी म्हणजे नफ्याची हमी नव्हे, हेही लक्षात ठेवावे.

साखळी योजनांबाबत १९७८ चा बक्षीस चिट व पैसा फिरविण्याच्या योजनांवर बंदी घालणारा अधिनियम आणि २०२१ चे थेट विक्रीविषयक नियम लागू आहेत. मालाच्या विक्रीऐवजी नवे सभासद आणण्यावर ज्या योजनेचे उत्पन्न अवलंबून असते, ती योजना बेकायदेशीर ठरते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाखाली १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तीच चूक घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

शिकवणी वर्गांच्या जाहिरातींबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. यशस्वी विद्यार्थ्याचे छायाचित्र छापताना त्याने कोणता अभ्यासक्रम किती मुदतीसाठी घेतला होता, हे सांगणे त्यानुसार आवश्यक ठरले. लातूर व नांदेड ही शिकवणी वर्गांची मोठी केंद्रे असल्याने येथील पालकांना या नियमाचे मर्म सहज कळेल. जी कसोटी वैद्यकीय प्रवेशाच्या वर्गाला, तीच श्रीमंतीच्या वर्गालाही लावण्याची सवय नागरिकांनी अंगी बाणवावी.

मंचावरील खुर्ची

येथवरचा विचार फसवणाऱ्याचा झाला. परंतु गावात असा वर्ग रुजतो तो केवळ चित्रफितीमुळे नव्हे. शाळेचे सभागृह मिळते, मुख्याध्यापक अध्यक्षस्थानी बसतात, सरपंच नारळ फोडतात आणि पत्रिकेवर एखाद्या अधिकाऱ्याचे नाव छापले जाते. अनोळखी माणसाच्या शब्दाला ओळखीच्या माणसाची पत लाभते. ‘गुरुजी स्वतः होते’ या एका वाक्यावर अनेक घरांतील शिल्लक बाहेर पडते. पुढे तोटा झाला की वक्ता दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला असतो. गुरुजी आणि सरपंच मात्र गावातच असतात. गमावलेली रक्कम एखाद्या हंगामात भरून निघेलही, परंतु गावाचा शाळेवरील व पंचायतीवरील विश्वास तितक्या सहज परत येत नाही.

यासाठी सभागृह देण्यापूर्वी किंवा पत्रिकेवर नाव घालू देण्यापूर्वी चार प्रश्न लेखी विचारावेत. पहिला, सेबीचा नोंदणी क्रमांक आहे काय आणि तो संकेतस्थळावर जुळतो काय? दुसरा, वक्त्याच्या उत्पन्नापैकी शुल्कातून किती व प्रत्यक्ष सौद्यांतून किती, हे दाखविणारा लेखापरीक्षित हिशेब तो देईल काय? तिसरा, आजवरच्या सर्व शिबिरार्थींपैकी किती नफ्यात व किती तोट्यात गेले? चौथा, शुल्काची पावती आणि परताव्याच्या अटी लेखी मिळतील काय? प्रामाणिक शिक्षक या प्रश्नांनी दुखावणार नाही. उलट त्याची प्रतिष्ठा वाढेल. जो उत्तराऐवजी ‘नकारात्मक विचार सोडा’ असा उपदेश करील, त्याचे उत्तर मिळाले असे समजावे.

शासकीय कर्मचारी व जिल्हा परिषद शिक्षकांनी स्वतःच्या बाबतीतही सावध राहणे इष्ट आहे. १९७९ च्या महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियमांनुसार शासकीय कर्मचाऱ्यास सट्टेबाजी वर्ज्य असून परवानगीविना खाजगी व्यापार करता येत नाही. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांसाठी १९६७ चे वर्तणूक नियम आहेत. अशा वर्गांचे ‘प्रतिनिधी’ होण्याचा प्रस्ताव आल्यास या नियमांचे स्मरण ठेवावे.

फसवणूक झालीच, तर विलंब न लावता पाऊल उचलावे. खात्यातून रक्कम गेली असल्यास १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे. अभ्यासवर्गाबाबत तक्रार असल्यास १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक साहाय्यता सेवा आणि जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग हे मार्ग खुले आहेत. पावती, संदेश व जाहिरातीच्या चित्रफिती जपून ठेवाव्यात. गावाने अशा तरुणाची थट्टा करू नये. नोकऱ्या मोजक्या, पाऊस बेभरवशाचा आणि घरच्यांच्या अपेक्षा मोठ्या, अशा स्थितीत त्याने आशेवर विश्वास ठेवला, एवढाच त्याचा दोष असतो. थट्टेच्या भीतीने तो गप्प बसला, तर पुढच्या तुकडीला सावध करणारे कोणी उरत नाही.

ग्रामसभेत, पालक सभेत किंवा शाळेच्या गणिताच्या तासाला हा विषय मांडता येण्यासारखा आहे. हजार विद्यार्थी, २० हजार शुल्क आणि ९१ टक्के तोटा हे उदाहरण सातवीचा विद्यार्थीही सोडवू शकेल. ते एकदा स्वतः सोडविलेल्या मुलाला मोटारीचे चित्र सहज भुलविणार नाही. बाजारात जशी मालाची पट्टी मागितली जाते, तशीच यशाचीही मागितली जावी. ती मागण्याचा धीर गावात प्रथम शिक्षकांनी, पंचांनी व अधिकाऱ्यांनी दाखविला, तर इतरांना तो आपोआप येईल.