दिसेनासे झालेले ज्येष्ठ



मदीनेतील प्रेषितांच्या (स.) मस्जिदीत एक सामान्य स्त्री झाडलोट करीत असे. ती दिसेनाशी झाली तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तिची चौकशी केली. तिचे निधन झाल्याचे सोबत्यांनी सांगितले. एवढ्याशा गोष्टीसाठी प्रेषितांना तसदी कशाला द्यावी, असे त्यांना वाटले होते. मला का कळविले नाही, असे प्रेषितांनी (स.) विचारले; तिच्या कबरीपाशी जाऊन तिच्यासाठी नमाज अदा केली. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत ही घटना आली आहे. माणूस कितीही साधा असो, त्याची अनुपस्थिती आपल्या ध्यानात आली पाहिजे, हा तिचा बोध होय.

हा बोध आज आपल्याला विशेष लागू पडतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि मस्जिदींची दारे बंद झाली. त्या नोव्हेंबरात ती उघडली, २०२१ मध्ये पुन्हा मिटली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी परत खुली झाली. त्या काळात दूर राहणे धर्माला धरूनच होते. साथीच्या प्रदेशात जाऊ नये आणि तेथून बाहेर पडू नये, ही प्रेषितांचीच (स.) शिकवण आहे. परंतु कारण संपले की सवलतही संपते. तरुण पुन्हा सफेत उभे राहिले. कित्येक वृद्ध मात्र घरातच राहिले. कोणाचे पाय थकले, कोणाचे समवयस्क सोबती साथीत गेले, कोणाच्या मनातली धास्ती गेली नाही. आणि आपण त्यांच्या न येण्याला सरावलो.

मग त्यांनी यावे, की आपण जावे? मक्का-विजयाच्या वेळी, हिजरी ८ मध्ये, हजरत अबूबक्र (रजि.) यांनी आपले दृष्टी गमावलेले वयोवृद्ध वडील अबू कुहाफा यांना प्रेषितांकडे (स.) आणले. या वृद्धाला घरीच राहू द्यायचे होते, मीच त्यांच्याकडे आलो असतो, अशा आशयाचे उद्गार प्रेषितांनी (स.) काढले. विजयाच्या त्या घाईगर्दीतही त्यांनी वृद्धाच्या घरी जाणे आपले काम मानले. मग आपल्याला सवड नाही, हे कोणत्या तोंडाने सांगावे?

हे कर्तव्य आपल्या घरापुरते वा जमातीपुरते नाही. दिव्य कुरआनच्या सूरह अन्-निसामध्ये (४:३६) मातापित्यांबरोबरच जवळच्या आणि परक्या शेजाऱ्याशीही सद्वर्तनाची आज्ञा आहे. आंबेगाव तालुक्यातील आहुपे हे सह्याद्रीच्या कड्यावरील गाव घ्या. तेथे प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. अशा डोंगरी गावांतील तरुण कामासाठी खाली उतरतात आणि म्हातारी माणसे मागे राहतात. त्यांचा बाहेरच्या जगाशी संबंध एस.टी.वर अवलंबून. टाळेबंदीत एस.टी. थांबली, पुढे २०२१-२२ च्या दीर्घ संपातही राज्यभर तिची चाके रुतली. घोडेगाव, मंचर वा जुन्नरच्या बाजारात आपले दुकान असेल, तर स्मरण करा: पूर्वी डोंगरातून येणारे एखादे आजोबा वा आजी हल्ली दिसत नाहीत काय? त्यांच्या गावच्या माणसाकडे विचारपूस करणे हाही शेजारधर्मच आहे.

आता कृतीकडे वळू या. जुम्याच्या नमाजनंतर कोण आले नाही हे पाहावे आणि त्याच आठवड्यात दोघांनी त्यांच्या घरी जावे. मोबाईल खिशात ठेवून निवांत बसावे. येऊ इच्छिणाऱ्यासाठी वाहनाची, सफेत खुर्चीची आणि वजूच्या जागी आधाराच्या दांडीची सोय करावी. दादी-नानींना विसरू नये. भगिनींनी आपला दर्स कधी त्यांच्याच अंगणात भरवावा. ज्येष्ठांना केवळ मदत न देता सल्लाही मागावा, मुलांना त्यांच्यापाशी बसवावे. कारण आपली कोणाला गरज आहे, ही जाणीव माणसाला उभारी देते. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून एस.टी.चा प्रवास मोफत आहे, तर १४५६७ या क्रमांकावर ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय मदतवाहिनी चालते. ही माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचवावी.

आज आपण ज्यांचे दार ठोठावत नाही, उद्या त्यांच्या जनाजात खांदा देण्यास मात्र धावून जातो. ती धाव पुण्याचीच आहे. पण त्या भेटीत ते आपल्याशी दोन शब्द बोलू शकणार नाहीत. म्हणून या जुम्याची वाट न पाहता आजच एका घरी जावे. अल्लाह आपणा सर्वांना याची सद्बुद्धी देवो. आमीन.