कमरेचे बळ

दिवाळीच्या सुमारास आपल्या तलवाड्याच्या परिसरातून व गेवराई तालुक्यातून अनेक कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीस निघतात. वाकून ऊस तोडावा, मोळी बांधावी, ती डोक्यावर घेऊन गाडीत चढवावी, असे हे काम कित्येक महिने चालते. हंगामाअखेर पुष्कळांची तक्रार एकच असते : कंबर धरली. ती का धरते व व्यायामशाळेतील साधनांनी तिला बळकटी कशी आणावी, हे आज पाहू.

प्रथम एक हिशेब करा. पाठीचे स्नायू कमरेच्या मणक्यांच्या मध्यापासून सुमारे ५ सेंटिमीटरवरच ओढ घेतात. आपण वाकून १० किलोचे ओझे ४० सेंटिमीटर पुढे धरले, तर तरफेच्या नियमाने त्या ओझ्यापायीच स्नायूंना ८० किलोइतकी ओढ द्यावी लागते. धडाचा भार निराळाच. तेच ओझे २० सेंटिमीटरवर आणले की ओढ निम्मी होते. म्हणून ओझे सदैव अंगालगत असावे.

दुसरे असे की, कंबर एकटी नाही. नितंबांचे व मांड्यांच्या मागील स्नायू हे तिचे बलवान सोबती होत. पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाकल्यास ते भार वाटून घेतात. जुन्या तालमींतील नाल व सुमतोला उचलण्याने हेच स्नायू घडत. आपल्याच जिल्ह्यातील पाटोद्याचे मल्ल राहुल आवारे यांनी २०१८ साली राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक मिळविले. अशा मल्लाच्या पकडीमागेही कंबर व खुबा यांचे बळ असतेच.

आता अभ्यासक्रम. आरंभी पाठीवर उभी काठी धरावी. ती डोके, पाठ व माकडहाड यांस टेकलेली ठेवून, गुडघे किंचित मोडून, नितंब मागे नेत वाकावे. काठी सुटली नाही तर वाकणे साधले असे समजावे. मग हलके डंबेल्स, त्यानंतर बारबेल घ्यावा. दांडा नडगीलगत ठेवून पायांच्या जोराने उठावे. झटका देऊ नये. तिसरे साधन कमरेचे बाक. मांड्या टेकवून धड खाली न्यावे व शरीर एका रेषेत येताच थांबावे. त्याहून मागे कलू नये. प्रत्येक व्यायाम ८ ते १० वेळा, असे २ फेरे, आठवड्यातून दोन दिवस पुरेत. वजन वाढवावयाचे ते थोडेथोडेच, व तेही शिक्षकांच्या देखरेखीखाली.

पालकांस एक विनंती. कळ पायात उतरत असेल वा पायास मुंग्या येत असतील, तर व्यायाम थांबवून वैद्यकीय सल्ला घ्यावा. आणि मुलांनो, शिकलेले वाकणे घरी आईवडिलांनाही दाखवा. मोळी तर त्यांनाच उचलावयाची आहे.