फरारी आरोपीचे प्रत्यार्पण आणि राष्ट्राचा शब्द

गुन्हा करून परदेशी पळालेल्या आरोपीस आपले पोलीस तेथे जाऊन पकडून का आणीत नाहीत, असा प्रश्न अनेकांच्या मनात येतो. याचे कारण असे की, आपल्या पोलिसांचा अटकेचा अधिकार देशाच्या सीमेपाशी संपतो. त्यापुढील कार्य परदेशातील पोलीस व न्यायालये यांच्या सहकार्यानेच तडीस जाते.

या सहकार्याचे प्रमुख साधन म्हणजे १९२३ साली स्थापन झालेली 'इंटरपोल' ही संघटना होय. १९० हून अधिक देश तिचे सभासद असून, भारतातर्फे केंद्रीय अन्वेषण विभाग (सी.बी.आय.) तिच्याशी संपर्क ठेवतो. न्यायालयाच्या वारंटाच्या आधारे इंटरपोल 'रेड नोटीस' प्रसृत करते. तीत फरारी इसमाचे वर्णन, छायाचित्र व बोटांचे ठसे दिले जातात. मात्र ही नोटीस म्हणजे वारंट नव्हे. तिच्यावरून अटक करावी किंवा नाही, हे प्रत्येक देश स्वतःच्या कायद्यानुसार ठरवितो. अटकेनंतरही प्रत्यार्पणाची रीतसर मागणी परराष्ट्र मंत्रालयामार्फत करावी लागते.

या संदर्भात अबू सालेमचे प्रकरण उद्बोधक आहे. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. त्या खटल्यातील हा आरोपी सप्टेंबर २००२ मध्ये पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथे पकडला गेला. पोर्तुगालच्या कायद्यात फाशी व जन्मठेप यांना स्थान नाही. म्हणून त्यास फाशी देणार नाही व २५ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात ठेवणार नाही, अशी हमी भारत सरकारने दिली. तेथील न्यायालयांच्या छाननीनंतर नोव्हेंबर २००५ मध्ये तो भारताच्या स्वाधीन झाला.

२०१७ साली मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यास जन्मठेप ठोठावली. मग हमीचे काय? २५ वर्षे पूर्ण होताच सुटकेची कार्यवाही करण्यास केंद्र सरकार बांधील आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये दिला.

ज्यांच्या घरची माणसे गेली, त्यांना हे पचविणे कठीण जाईल. परंतु दिलेला शब्द एकदा मोडला, तर पुढचा फरारी आरोपी कोणते राष्ट्र आपल्या हवाली करील? प्रत्यार्पण बळाने होत नाही. ते चोख कागदपत्रे आणि पाळलेला शब्द यांवरच उभे असते. म्हणूनच गावच्या पोलीस ठाण्यात काळजीपूर्वक लिहिलेला पंचनामा व जबाब उद्या दूरदेशीच्या न्यायालयातही उपयोगी पडू शकतो.