वार बघून औंधला जा

विट्याहून एका दिवसात देवदर्शन आणि संग्रहालय असा बेत करणाऱ्यांना माझं सांगणं एकच: दिवस संग्रहालयाच्या वेळेवर बेता, देवळाच्या नव्हे. होतं बहुधा उलटं. रेणावीचा रेवणसिद्ध, देवराष्ट्रे इथला सागरेश्वर ही महादेवाची ठाणी, म्हणून गाडी सांगितली जाते सोमवारची. श्रावणात तर दुसरा वार सुचतच नाही. आणि सरकारी संग्रहालयं साधारणपणे बंद असतात ती सोमवारीच. वार चुकला नाही तरी क्रम चुकतो. औंधला यमाईचं देऊळ डोंगरावर आणि त्याच डोंगरावर, देवळाच्या खाली, श्री भवानी संग्रहालय. मंडळी आधी वर जातात. रांग, ओटी, मग जेवण, आणि संग्रहालयाच्या वाट्याला परतीच्या घाईतला अर्धा तास येतो. अर्ध्या तासात तिथं काय बघणार? घरोघरच्या तसबिरींमुळे ओळखीचा झालेला राजा रविवर्मा तिथं मूळ चित्रांत भेटतो, शिवाय हेन्री मूरचं दगडी शिल्पही आहे. पाश्चात्त्य शिल्पकलेतलं एवढं मोठं नाव खटाव तालुक्यात असावं, ही काही साधी गोष्ट नाही.

देवाआधी चित्रं बघायची हे बऱ्याच जणांना खटकतं. पण हे संग्रहालय 1938 साली उभं केलं ते औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी. ते स्वतः चित्रकार, यमाई त्यांची कुलस्वामिनी, आणि जागा निवडली ती तिच्याच डोंगरावर. त्यांना जे विसंगत वाटलं नाही ते आपल्याला का वाटावं? देवीचं दर्शन सायंकाळीही होतं, संग्रहालयाचं दार मात्र त्याआधीच लागतं. शिवाय हे परक्या मुलखाचं वैभव नाही. आपल्या शेजारची आटपाडी औंध संस्थानातलीच, आणि कैद्यांची खुली वसाहत असलेलं स्वतंत्रपूर तिथलंच.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. गलाईच्या धंद्यापायी परराज्यांत राहणारी कुटुंबं वर्षातून एकदा गावी येतात. त्यांना एकाच गाडीत चार ठिकाणं उरकायची असतात. त्यांनी एखादं देऊळ पुढच्या खेपेला ठेवावं. रेवणसिद्ध तर विट्याच्या उशालाच आहे, त्याला निराळी गाडी लागत नाही. फक्त दिवाळीच्या सुट्टीत निघणार असाल तर संग्रहालय त्या दिवशी उघडं आहे का, हे आदल्या दिवशी औंधमध्ये कुणाला तरी विचारून घ्या.