शीतगृहाच्या दारावर सेन्सर लावला तर?

प्रश्न : आमचा आइस्क्रीमचा छोटा कारखाना आहे. शीतगृहात तापमान मोजणारे वायरलेस सेन्सर आहेत. आता दारावर आणि कामगारांच्या विश्रांतीच्या खोलीतही सेन्सर लावावेत, असं वाटतं. त्यासाठी परवानगी लागते का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : शीतगृहात उणे 18 अंश आहेत की उणे 12, हे सांगणाऱ्या सेन्सरला माणसांशी देणंघेणं नसतं. तो खुशाल चालू द्या. दाराचा सेन्सरही नुसतं ‘दार रात्री 2:10 ला उघडलं’ एवढंच सांगतो. पण ती नोंद हजेरीपटाशी जुळवली आणि त्या पाळीत एकच कामगार असला, की ती त्या माणसाची वैयक्तिक माहिती होते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा 2023 चा कायदा इथे लागू पडतो.

नोकरीच्या कारणासाठी किंवा मालकाचं नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायला हा कायदा संमतीशिवायही मुभा देतो. तरी काय नोंदवता, कशासाठी आणि किती दिवस ठेवता, हे मराठीत लिहून भिंतीवर लावा. पुढचे वाद टळतात. कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि मुख्य बंधनांसाठी 18 महिन्यांची मुदत मिळाली. त्यानंतर पुरेशा सुरक्षेअभावी माहिती फुटली, तर दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. म्हणून सेन्सरसोबत आलेला पासवर्ड आजच बदला.

विश्रांतीच्या खोलीत मात्र काही लावू नका. हालचाल टिपणारा साधा सेन्सर शरीराची उष्णता ओळखतो, चेहरा नाही. पण कोण किती वेळ बसलं याचा हिशेब त्यातूनही निघतो. कपडे बदलण्याच्या जागी कॅमेरा लावणं तर थेट फौजदारी गुन्ह्यापर्यंत जाऊ शकतं.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही : सेन्सर कोणत्या लहरींवर चालतो? आपल्याकडे 2.4 गिगाहर्ट्झ आणि 865 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ठरलेल्या क्षमतेपर्यंत वेगळा परवाना लागत नाही. परदेशातून स्वस्तात मागवलेला 915 मेगाहर्ट्झचा सेन्सर या सवलतीत बसत नाही. घेताना दुकानदाराकडे वायरलेस उपकरणाच्या मंजुरीचं ‘ईटीए’ प्रमाणपत्र मागा.

आणि चोरी रोखायला लावलेल्या सेन्सरच्या नोंदी दाखवून कोणाचा अर्धा दिवस कापू नका. मालाचं नुकसान टाळायला मिळालेली मुभा त्यासाठी नाही.