लेबनॉन : सण सर्वांचे, नागरिक कोणाचा?

धर्मनिरपेक्षता म्हणजे काय, असे विद्यार्थ्यांना विचारले की एक उत्तर हमखास येते : सर्व धर्मांना समान मान. हे उत्तर पुरेसे आहे काय, हे तपासावयाचे असेल तर भूमध्य समुद्राकाठच्या लेबनॉन या चिमुकल्या देशाकडे पाहावे. मुस्लिम व ख्रिस्ती हे तेथील दोन मोठे समाज.

आम्हा बँकेतील मंडळींचे लक्ष प्रथम सुट्ट्यांच्या यादीकडे जाते. लेबनॉनची यादी पाहून कोणालाही हेवा वाटावा! दोन्ही ईद, आशुरा, पैगंबर जयंती आहेतच. नाताळ 25 डिसेंबरचा, तसाच आर्मेनियन ख्रिस्ती 6 जानेवारीला पाळतात तोही. कॅथलिक व ऑर्थोडॉक्स यांच्या तारखा वेगळ्या, म्हणून गुड फ्रायडे बहुधा दोनदा. त्यात 2010 साली 25 मार्चची भर पडली. देवदूताने मेरीला पुत्रजन्माची वार्ता दिली, ही कथा बायबलात आहे तशीच कुराणातही आहे. कुराणाचा 19 वा अध्याय तर मरियमच्याच नावाचा. म्हणून हा दिवस दोन्ही समाजांचा संयुक्त राष्ट्रीय सण ठरला. कल्पना खरोखरच सुंदर आहे.

परंतु 2023 साली काय झाले पाहा. मार्चअखेरीस तेथे घड्याळे एक तास पुढे करतात. त्या वर्षी नेमका रमजान सुरू होता. उपवास घड्याळाप्रमाणे तासभर लवकर सुटावा म्हणून पंतप्रधान नजीब मिकाती यांनी हा बदल महिनाभर पुढे ढकलला. मॅरोनाइट चर्चने तो निर्णय मानला नाही. 25 मार्चला संयुक्त सण साजरा झाला आणि त्याच रात्रीपासून एका देशात दोन वेळा सुरू झाल्या! सरकारची घड्याळे मागे, चर्चची पुढे; शाळा व दूरचित्रवाणी वाहिन्या यांनी आपापली बाजू निवडली. अखेर 27 मार्चला मंत्रिमंडळाने निर्णय फिरविला. वास्तविक उपवास सुटतो सूर्यास्ताला. घड्याळ फिरविल्याने तो मिनिटभरही कमी होत नाही.

मग एवढ्याशा तासावरून देश का दुभंगावा? कारण तेथील राज्यच पंथांच्या वाटण्यांवर उभे आहे. 1926 च्या राज्यघटनेने सरकारी पदांतील पंथनिहाय वाटा तात्पुरता म्हणून मान्य केला. 1943 च्या अलिखित राष्ट्रीय करारापासून राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी, सभापती शिया, असा रिवाज पडला. संसदेत ख्रिस्ती व मुस्लिम जागांचे प्रमाण 6 : 5 राहिले. आधार 1932 च्या जनगणनेचा. त्यानंतर अधिकृत जनगणना झालीच नाही, कारण आकडे बदलले तर वाटेही बदलावे लागतील. 1975 ते 1990 यादवी युद्ध झाले. 1989 च्या ताइफ करारानंतर जागा निम्म्यानिम्म्या झाल्या, पंथनिहाय पद्धत टप्प्याटप्प्याने रद्द करण्याचे घटनेत लिहिले गेले. ते अद्याप कागदावरच आहे. ही व्यवस्था आपल्याकडील राखीव जागांसारखी आहे असे कोणी समजू नये. राखीव जागा लादलेली विषमता दूर करण्यासाठी आहेत. तेथे प्रत्येक पंथाला, बलवानालाही, आपला हिस्सा कायम हवा आहे.

याची झळ व्यक्तीला बसते ती विवाहात. मान्यताप्राप्त पंथ 18. विवाह, घटस्फोट हे सारे त्या त्या पंथाच्या कायद्याने व धार्मिक न्यायालयांत चालते. आपल्याकडे 1954 च्या विशेष विवाह कायद्याने धर्म न बदलता नोंदणी विवाह करता येतो. तसा कायदा तेथे नाही. 1998 मध्ये राष्ट्राध्यक्ष इलियास हरावी यांनी ऐच्छिक नागरी विवाहाचा मसुदा आणला. मंत्रिमंडळाने तो संमत केला, पण मुस्लिम व ख्रिस्ती धर्मगुरूंनी विरोध केला आणि पंतप्रधान रफीक हरीरी यांनी त्यावर सही केली नाही. सण एकत्र साजरा करण्यापूर्वीच धर्मगुरूंची अशी एकजूट झाली होती! परदेशात झालेला नागरी विवाह मात्र लेबनॉनचे सरकार मान्य करते. म्हणून भिन्न धर्मांची जोडपी विमानाने शेजारच्या सायप्रस बेटावर जातात, तेथील नगरपालिकेत सह्या करतात, आणि दाखला घेऊन घरी परततात.